दिगूनं सही न केलेला माळ

दिगू, माणूस जातो, त्याला कुणाचा इलाज नाही. पण जाताना निदान सही तरी करून जायचं होतंस. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात चार बोटं जागा पुरली असती. तुझं नाव, आपल्या वाडीचं नाव आणि साल, एवढं लिहिलं असतंस तर परवा कचेरीत माझ्यावर जी वेळ आली ती आली नसती. सहा वर्षं तुझ्या कानीकपाळी ओरडत होतो. तुझं आपलं एकच, "अजून झालं न्हाई बे." आता झालं का?

तू गेलास त्याला दोन महिने होत आले. लोक भेटतात, हळहळतात, मोठा कलाकार होता म्हणतात. ज्यांनी तुझं चित्र कधी बघितलं नाही ते जास्त म्हणतात. मीही मान हलवतो. खरं सांगू, मला अजून नीट रडू आलेलं नाही. मला तुझा राग येतोय, आणि तो कुणाजवळ काढावा तेही कळत नाही, कारण इतकी वर्षं तुझा राग तुझ्याजवळच काढायची सवय होती.

शाळेत आपण एका बाकावर बसायचो. पुढं तू चित्रकलेचा शिक्षक होऊन माजलगावला गेलास आणि मी बारावी करून परत मेंढरांमागं आलो. वर्षाकाठी दिवाळीत एक भेट, एक चहा, संपलं. मग तुझ्या रिटायरमेंटला दोन वर्षं उरली असताना एका शनिवारी तुझा फोन आला, "मांजरसुंब्याच्या फाट्यावर घ्यायला ये, सामान हाय." मला वाटलं, असेल एखादं पोतं. जाऊन बघतो तर एसटीच्या टपावरून सहा फूट लांब आणि चार फूट उंच पांढरा कॅनव्हास उतरतोय आणि खाली कंडक्टर तुला शिव्या घालतोय. तो कॅनव्हास आडवा धरून तू माझ्या मोटारसायकलवर मागं बसलास. वाऱ्यानं गाडी दोनदा रस्त्याखाली उतरली. ढाब्यावरची माणसं ताटं सोडून बघत होती आणि तू मागून मलाच ओरडत होतास, "नीट चालव बे, पट्टी मोडंल."

तुला आपल्या गायरानाचा माळ काढायचा होता. दिवाळी होऊन गेली होती, गवत मांडीएवढं वाढून पिकलं होतं. म्हटलं काढ, संध्याकाळपर्यंत होईल. शाळेत तू फळ्यावर दहा मिनिटांत दोन डोंगर, मधे सूर्य, नदी आणि झोपडी काढायचास, माझ्या डोक्यात तेच. मी मेंढरं घेऊन पलीकडच्या उताराला गेलो. दिवस कलताना येऊन बघतो तर अख्ख्या पांढऱ्या कॅनव्हासवर खाली डाव्या बाजूला गवताच्या अकरा काड्या. मी मोजल्या. प्रत्येक काडीला तिची पेरं, पेराशी वाळलेलं पान, एका पानाला किड्यानं पाडलेलं भोकसुद्धा.

"बाकीचं?" मी विचारलं.

"पुढच्या शनिवारी," तू म्हणालास.

असे किती शनिवार झाले ते आता तूच सांग. कॅनव्हास माझ्या पेंडीच्या खोलीत राहायला आला आणि हळूहळू घरचाच झाला. टर्पेंटाइनच्या वासानं माझ्या घरातल्या प्रत्येकाचं डोकं दुखून झालं. रंगात जवसाचं तेल असतं हे ऐकल्यावर माझ्या आईनं बाटली उघडून वास घेतला आणि तुला म्हणाली, "आरं, चटणीत घालायचं त्याल आन् तू गवताला लावायलास?" त्या दिवशी तिनं तुला मुद्दाम जवसाची चटणी वाढली. तू दोनदा मागून घेतलीस. ती गेली तेव्हा तू शनिवार नसताना आलास, चित्राकडे बघितलंही नाहीस आणि दिवसभर माझ्याजवळ ओट्यावर बसून राहिलास. हे मी विसरलेलो नाही. पण ते मधेच आठवून तू माझा राग घालवू नकोस.

कारण शेळीची गोष्ट अजून मिटलेली नाही. आमची बांडी शेळी खोलीत शिरली आणि तिनं चित्राचा खालचा वीतभर भाग चाटून काढला. तिला दोन दिवस हगवण लागली. मी औषध शोधत पळतोय आणि तू खुशीत. "बघ बे, तिला खरं गवत वाटलं!" मी म्हणालो, तिला तेलाचा वास आला. तू म्हणालास, खाणाऱ्याला पटलं म्हणजे झालं. मी म्हणालो, हीच शेळी मागच्या आठवड्यात माझा बनियन खाऊन बसली, तेव्हा बनियनचं कौतुक केलं नाहीस. आपण त्यावर दोन शनिवार बोललो नाही. माझं म्हणणं आजही तेच आहे. तेलामुळंच.

तुझी काम करायची पद्धतच अशी होती की बघणाऱ्याला घाम फुटावा. फोटो काढायचा नाही, हा तुझा पहिला नियम. मी किती वेळा म्हणालो, मोबाईलवर एक फोटो काढ आणि घरी पंख्याखाली बसून रंगव. असली हुबेहूब चित्रं काढणारे सगळे फोटो समोर ठेवूनच काढतात, हे तूच मला सांगितलं होतंस. तुझं उत्तर, "फोटोत वारा थांबल्याला असतो." मग तुझ्या चित्रात काय वाहतो का, असं मी विचारलं, तर म्हणालास, "न्हाई. पन मी तो थांबायची वाट बघतो." आणि खरंच बघायचास. हातात ब्रश धरून, एक डोळा बारीक करून, ती एक काडी डोलायची थांबून आपल्या जागी परत येईपर्यंत. मी तेवढ्या वेळात मेंढरांना पाणी पाजून यायचो. तुझी काडी तिथंच.

पहिल्याच वर्षी तिसऱ्या शनिवारी तू आलास आणि बघतोस तर काढायला घेतलेलं गवत जागेवर नाही. वाडीतल्या किसनतात्याची मेंढरं आदल्या दिवशी तिथून फिरली होती. तू माझ्याकडं असं बघितलंस की जणू मीच वाकून खाल्लं. "माजा डावा कोपरा खाल्ला बे तुमी लोकांनी!" मला हसायला यायला हवं होतं, पण वाईट वाटलं. तिथंच मी चूक केली. दुसऱ्या दिवशी मी माळाच्या त्या तुकड्याला चुना लावलेले दगड मांडले आणि वाडीला सांगितलं की इथं कुणी मेंढरं घालायची नाहीत, इथं राखण आहे.

आपल्याकडं गवताची राखण नवी नाही. टंचाई दिसली की एखादा पट्टा राखतात, दिवाळीनंतर सगळ्यांनी मिळून कापतात. पण चित्रासाठी राखण कुणी ऐकली नव्हती. किसनतात्या पारावर सगळ्यांसमोर म्हणाला, "कावून राखायलास? जनावरासाठी राखलं तर समजतं. कागदावरच्या गवतासाठी खरं गवत उपाशी ठिवायचं?" मी त्याच्याशी भांडलो. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, त्याच्याशी मी तुझ्यासाठी चार महिने बोललो नाही. तुला हे कधी सांगितलं नव्हतं. आता सांगतो.

आणि राखून झालं काय? तिसऱ्या वर्षी सगळं बिघडलं. दोन वर्षं तोंड न लागलेलं गवत जुनं होऊन आडवं पडलं, करडं झालं, खालून नवा फुटवा येईना, मधेमधे तरवडाची झुडपं माजली. तू दिवाळीनंतर आलास आणि खडकावर डोकं धरून बसलास. म्हणालास, रंग गेला. मी सांगत होतो की अरे, मेंढराचे दात लागल्याशिवाय हे गवत नवं होत नाही, आखाडात चरू दिलं की कार्तिकात बघ कसं उभं राहतं. मी जन्मभर हेच करत आलोय. पण तुझा विश्वास चित्रकलेच्या पुस्तकावर. शेवटी कसाबसा तयार झालास, आखाडात मेंढरं घातली, महिन्यानं काढली, आणि कार्तिकात माळ परत पिवळाधमक. तेव्हा तरी माझे आभार मानायचे? तू चाकूनं दोन वर्षांचा रंग खरवडून काढलास आणि परत पहिल्या काडीपासून सुरुवात केलीस. कारण काय, तर हे गवत ते गवत नाही.

त्यावेळी मी म्हणालो होतो, निदान आता एक मेंढरू तरी काढ. मेंढरांनीच तुला हे गवत परत दिलंय. आपलं ठरलेलं भांडण.

"मेंढरू हलतं."

"गवतबी हलतं की."

"गवत परत जाग्यावर येतं बे. तुजं मेंढरू येतं का?"

मग मी म्हणालो, बरं, मला काढ, मी हलत नाही. तू म्हणालास, "तू तर मेंढराहून वाईट. अन् वरून बोलतोस." हे बोलून तू परत एक डोळा बारीक केलास. मला तेव्हा खरोखर राग आला होता. त्या माळावर सगळा जन्म मी उन्हातान्हात उभा, आणि त्या माळाच्या चित्रात मी नाही, माझं जनावर नाही.

चित्र उभं राहत गेलं हे मात्र खरं. पेंडीच्या खोलीचं दार उघडलं की वाटायचं भिंत पडलीय आणि पलीकडं माळ आहे. पण कुणाला ते चित्र वाटलंच नाही, ही तुझी खरी फजिती. माझ्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांनी ते ओट्यावर आणून ठेवलं आणि त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले. नवरदेवाच्या मामानं तुलाच विचारलं, "फ्लेक्स कुठून छापला सर? बीडमधून का?" तू जेवला नाहीस. पंगतीतून उठून गेलास. बायकांना वाटलं वरण खारट झालंय. मी तुला फाट्यावर सोडायला आलो तेव्हा वाटेत म्हणालास, सगळा जन्म खर्चून माणसानं फ्लेक्स केला. मला तुझी समजूत घालायची होती. मी म्हणालो काय, तर "मंग सही कर ना. सही दिसली म्हंजी फ्लेक्स म्हननार न्हाईत." तू म्हणालास, अजून झालं नाही.

चैत्रात शेवटचा आलास तेव्हा माळावर बघण्यासारखं काही नव्हतं. दगड आणि ऊन. तरी खडकावर तासभर बसलास. परत मी सहीचा विषय काढला, परत तुझं तेच. मी चिडून म्हणालो की तुझ्या चित्राची वाट कोण बघतंय? तू हसलास, म्हणालास, शनिवारी येतो. त्या बुधवारी वहिनींचा फोन आला.

तू गेलास आणि तिकडं गायरानाचा कागद पुढं सरकला. सोलरची कंपनी आपल्या माळावर डोळा ठेवून होती हे तुला माहीतच होतं. आता पंचनामा झाला. झाला कधी, तर ऐन वैशाखात. त्यात लिहिलं, सदर जमीन खडकाळ व पडीक, गवत नाही, चराई होत नाही. वैशाखात माळावर गवत शोधणं म्हणजे काय बोलायचं! वाडीचे सगळे अर्ज मीच लिहितो, म्हणून हरकतीचा अर्जही मीच लिहिला. तहसील कचेरीत साहेबांसमोर सुनावणी लागली. पुरावा द्या म्हणाले, गवताचे तारखेसह फोटो द्या. आता फोटो कुठून आणायचे? गवत उभं राहायला कार्तिक उजाडावा लागतो आणि निकाल त्याच्या आधी. पोरांच्या मोबाईलमध्ये शोधलं तर सगळे सेल्फी. त्यात पोरंच पोरं. गवत कुठं तर कानामागं. माळ गेला तर वाडीतली सगळी मेंढरं विकावी लागतील, आणि मेंढरं विकल्यावर माणसं कोयता घेऊन उसाला जातील, दुसरं काय करतील?

आणि तू त्या गवतासमोर सहा वर्षं बसलास. सहा वर्षं! खिशात मोबाईल होता. एक फोटो काढला असतास, एकच, तर तुझ्या कलेला काय बाट लागला असता?

शेवटी किसनतात्याच म्हणाला, "दिगूचं चित्र न्यायचं. त्याला समदे फोटोच समजतात." मी माजलगावला जाऊन वहिनींना विचारून आलो. त्या म्हणाल्या, "न्या भाऊजी. माझ्या घराला सहा वर्षांत चुना लावला न्हाई या माणसानं, तुमच्या माळाचा तरी काय उपयोग होऊ द्या." मग तुझा माळ घोंगडीत गुंडाळून, छोटा हत्ती टेम्पोत घालून, मी आणि तात्या दोन्ही बाजूंनी धरून परवा कचेरीत घेऊन गेलो.

साहेबांसमोर घोंगडी काढली. शिपाई चहा हातात धरून उभा. साहेब खुर्चीतून उठून पुढं आले आणि म्हणाले, "फार सुंदर फोटो आहे. कुठल्या कॅमेऱ्यानं काढलाय?"

दिगू, त्या वेळी तात्यानं माझ्या बरगडीत कोपर मारलं आणि दातात बोलला, "हो म्हन बे." एवढंच म्हणायचं होतं. हो साहेब, फोटो आहे. तारीख मागितली असती तर तीही सांगता आली असती, कुणी तपासायला गेलं नसतं. वाडीतल्या सगळ्या मेंढरांचा चारा त्या एका 'हो'मध्ये होता. मी तोंड उघडलं, आणि मला तू पंगतीतून उठून जाताना दिसलास. माझ्या तोंडून निघालं, "फोटो न्हाई साहेब. चित्र हाय. आमच्या दिगूनं हातानं काढलंय. अन् लई भारी काढलंय."

सहा वर्षांत हे मी तुला एकदाही म्हणालो नव्हतो. चुका काढल्या, काड्या मोजल्या, टोमणे मारले. आणि म्हणालो ते कुठं, तर कचेरीत, ज्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नाही अशा माणसांसमोर. तात्यानं कपाळाला हात लावला.

कंपनीचा वकील लगेच उभा राहिला. म्हणाला, चित्र म्हणजे कल्पना, उद्या हे समुद्रसुद्धा काढून आणतील. आणि पुढं म्हणाला ते मला झोंबलं. "शिवाय साहेब, नीट बघा. एवढं मोठं कुरण आणि एकही जनावर नाही. चराई होत नाही हे यांच्याच चित्रातून सिद्ध होतंय."

आता बोल! मी तुला सांगत नव्हतो? एक मेंढरू, नुसती शेपटी काढली असतीस तरी चाललं असतं. आणि त्यात माझा हात आहेच, दगड मांडून जनावरं बाहेर ठेवणारा मीच. मी साहेबांना सगळं सांगायला लागलो, राखण, चुन्याचे दगड, आखाडातली चराई, तुझी काडी. ऐकणाऱ्याला वेड्यासारखं वाटलं असेल. चित्रातलं एकेक गवत दाखवलं, पवन्या कुठला, मारवेल कुठला, कुसळी कुठं संपते. साहेब ऐकत चित्राच्या उजव्या कडेला वाकले होते. तिथं राखण संपून चरलेलं गवत सुरू होतं, बुटकं, वरून सारखं कुरतडलेलं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "हे बारीक काळे ठिपके कसले?"

मी वाकलो. सहा वर्षं ते चित्र माझ्या घरात होतं आणि मी ती कड कधी बघितली नव्हती. मी बघायचो ते काय चुकलंय तेवढं.

"लेंड्या हायत साहेब," मी म्हणालो. "मेंढराच्या."

खोलीत हशा पिकला. वकीलसुद्धा हसला. पण लेंड्याच होत्या, दिगू. काही ताज्या चकाकणाऱ्या, काही वाळून फिकट झालेल्या, दोन पायाखाली येऊन फुटलेल्या. आणि बाजूच्या बोरीच्या काट्याला मेंढराच्या उंचीवर लोकरीचा पुंजका. तू म्हणायचास हलतं ते काढत नाही. हे हलत नव्हतं, म्हणून तू ते एकेक करून काढलंस आणि मला सांगितलं नाहीस. भांडणात तेवढं एक वाक्य बोलायला तुला काय जड जात होतं? मी तिथं हसत होतो की काय करत होतो मला ठाऊक नाही, पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तात्या मला धरून उभा होता.

साहेब हसले नाहीत. त्यांनी कोपरे तपासले, मागची बाजू बघितली. म्हणाले, "यावर नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. असं मी दाखल करून घेऊ शकत नाही. पण कल्पनेनं कुणी लेंड्या काढत नाही, हेही मला समजतं." त्यांनी कारकुनाला सांगितलं की निकाल राखून ठेवा. मग माझ्याकडं वळले. "ज्यांनी हे काढलंय त्यांना पुढच्या तारखेला घेऊन या. कुठं बसून, कधी, काय बघून काढलं, त्यांचा जबाब घेऊ. जबाब झाला तर दिवाळीनंतर मी स्वतः माळावर येतो आणि चित्र हातात धरून जमीन ताडून बघतो. नाहीतर पंचनामा आहेच. आणाल ना त्यांना?"

फोटोबद्दल मी खोटं बोललो नव्हतो. एका शब्दानं सगळं मिटत असताना बोललो नव्हतो. आणि आता साधं, खरं, सगळ्या वाडीला माहीत असलेलं सांगायचं होतं, तर मी म्हणालो, "आणतो साहेब."

बाहेर आल्यावर तात्यानं मला झाडाखाली बसवलं. माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं, पण तो हळू बोलला. "कावून म्हनलास तसं? कुठून आननार तू त्याला?" मी म्हणालो, "तात्या, तोंडातून निघंना." त्यानं शिपायाकडून माझ्यासाठी पाणी आणलं, आणि येताना टेम्पोत चित्राच्या बाजूला मला न बसवता स्वतः बसला. घोंगडीची कड उडू नये म्हणून सगळ्या वाटेनं हात ठेवून होता. ज्या माणसाशी मी तुझ्यासाठी भांडलो तो हा.

काल वहिनींना फोन केला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी येते जबाबाला. सहा वर्षं हा माणूस शनिवारी कुठं जायचा ते माझ्याहून जास्त कुणाला ठाव हाय?" तर वाट निघेल असं दिसतंय. साहेब माणूस सरळ वाटला. फक्त त्यांना आधी कळवायला हवं.

वाडीतली कितीतरी माणसं गेली, त्यांच्या मागं मी अर्ज लिहिलेत. सातबाऱ्यावरून नाव कमी करण्याबाबत, रेशनकार्डातून नाव कमी करण्याबाबत. हात कधी अडला नाही. आज सकाळी साहेबांना लिहायला बसलो. विषय लिहिला, महोदय लिहिलं, 'सदर चित्रकार' इथपर्यंत आलो आणि पुढं सरेना. तो कागद बाजूला ठेवला आणि हा घेतला.

कचेरीत त्या दिवशी काय झालं त्याची नोंद होते, रोजनामा म्हणतात त्याला. कारकुनानं तो माझ्यासमोर लिहिला आणि वाचून दाखवला. 'सदर चित्रकार पुढील तारखेस समक्ष हजर राहतील.' खाली शिक्का मारला. बाकी सगळीकडून तू गेलास, दिगू, माजलगावातून गेलास, फाट्यावरून गेलास, शनिवारातून गेलास. त्या एका कागदावर अजून यायचा आहेस. तो दुरुस्त करून घ्यायचा तर मलाच त्या खोलीत उभं राहून तोंडानं सांगावं लागेल. सांगतो. उद्या सकाळच्या गाडीनं जातो.

आज राहू दे.